पसरणे, वाढणे, वसवणे : मुंबईच्या उपनगरांच्या संदर्भात विस्तारवाचक शब्दांचा विचार

मराठीत विस्ताराची गोष्ट दोन मूळ क्रियापदांनी सांगितली जाते. एखादी वस्तू किती जागा व्यापते हे पसरणे सांगते. ती संख्येने, आकाराने किंवा बळाने किती झाली हे वाढणे सांगते. तेल पाण्यावर पसरते, पण वाढत नाही. मूल वाढते, पण पसरत नाही. जिथे या दोन्ही क्रिया एकदम घडतात, म्हणजे वस्तू वाढते म्हणून पसरते आणि पसरते म्हणून आणखी वाढते, तिथे भाषेला तिसऱ्या शब्दांची गरज पडते. फोफावणे, फैलावणे, माजणे, बोकाळणे, पेव फुटणे, लोण पोहोचणे हे सगळे त्या गरजेतून आलेले शब्द. मुंबईची उपनगरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत नेमकी अशीच वाढली आणि पसरली. त्यामुळे या शब्दांचा अर्थ आणि वापर तपासण्यासाठी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांच्याइतके भरघोस उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पसरणे हे संस्कृतातील प्र आणि सृ यांपासून आलेले. प्रसार, प्रसारण, पसारा, पसरट ही त्याचीच भावंडे. पदर पसरणे, हात पसरणे यांत याचना आहे; पाय पसरणे यात ऐसपैसपणा आहे; पसारा घालणे यात तक्रार आहे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला देणाऱ्या म्हणीत पसरण्याला एक कड आहे, आणि ही कड पसरणे या शब्दात नेहमी गृहीत असते. जागा संपली की पसरणे थांबते.

वाढणे हे वृध् या धातूचे. वृद्धी, वर्धन, वाढदिवस, वाढपी, बढती हा त्याचा परिवार. हा शब्द इतका शुभ मानला गेला की जे प्रत्यक्षात तुटते, फुटते किंवा संपते त्यालाही मराठी माणूस वाढणे म्हणतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ती वाढली असे म्हणायचे. दुकान बंद करणारा पूर्वी दुकान वाढवत असे. घरात जन्म झाल्यावर पाळायच्या सोयराला वृद्धी म्हणतात. पानात अन्न घालण्यालाही वाढणेच म्हणतात. अशुभाचे तोंड झाकण्यासाठी वापरावा इतका मंगल अर्थ या एका क्रियापदात साठला आहे. ‘उपनगरांची वाढ’ असे एखाद्या अहवालात छापले जाते तेव्हा ही सगळी मंगलता नकळत त्या शब्दाबरोबर येते, आणि ‘उपनगरांचा पसारा’ म्हटले की ती नाहीशी होते. गोष्ट एकच असते.

या दोन्ही क्रियापदांना प्रयोजक रूप आहे. पसरणे-पसरवणे, वाढणे-वाढवणे. म्हणजे आपोआप घडलेले आणि कोणी तरी घडवलेले यांतला फरक व्याकरणात दिसतो. वसणे-वसवणे ही जोडीही याच जातीची. गाव वसते, पण वसाहत वसवली जाते. फोफावणे आणि बोकाळणे यांचे मात्र असे रूप कोणी वापरत नाही. कोणी काही बोकाळवत नाही, ते बोकाळते. माजणे याला माजवणे आहे, पण ते दंगा, गोंधळ, दहशत यांच्यापुरते. तण कोणी माजवत नाही, ते माजते. व्याकरणातली ही बारीक गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे. ज्या क्रियापदाला घडवणारा लागत नाही ते वापरले की घडवणाऱ्याचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

वनस्पतींच्या क्षेत्रात हे शब्द सर्वांत अचूक वापरले जातात, कारण तिथे पसरणे आणि वाढणे यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. शेतीच्या पाठ्यपुस्तकात झाडांची संख्या जाणूनबुजून वाढवण्याला अभिवृद्धी म्हणतात. बियांपासून ती होते, तशीच फांदी, खोड, मूळ यांपासून शाखीय अभिवृद्धी होते. छाट कलम, दाब कलम, गुटी कलम, केळीचे मुनवे, हळदीचे आणि आल्याचे कंद हे तिचे प्रकार. प्राण्यांसाठी पैदास हा शब्द आहे. गाईगुरांची पैदास हा उद्योग असतो आणि डासांची पैदास ही महापालिकेची डोकेदुखी. पालिकेच्या सूचनांमध्ये त्यासाठी ‘डास उत्पत्ती स्थाने’ असा भारदस्त शब्दप्रयोग येतो, आणि तो चांगला आहे, कारण तो वाचणाऱ्याला साचलेल्या पाण्याचे पिंप, गच्चीवरचा टायर, कुंडीखालची बशी शोधायला लावतो. ‘डास फार झालेत’ या वाक्याने कोणी बशी उचलत नाही.

माणसाने न लावता जे उगवते आणि इतरांची जागा घेते त्याला माजणे म्हणतात. म्हैस माजावर येते आणि रान माजते. मूळ संस्कृत मद् धातूतला उन्माद दोन्ही ठिकाणी आहे. फोफावणे त्या मानाने सौम्य. पावसात वेल फोफावली यात कौतुकही असू शकते. पण वस्तू नकोशी असली की फोफावणेही दूषण होते. पवई तलावातील जलपर्णी हे त्याचे ठळक उदाहरण. १८९१ साली मुंबईच्या पाणीटंचाईवर उपाय म्हणून हा तलाव बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही आणि तो पुढे उद्योगांच्या व इतर वापराचा झाला. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. पाण्यावर आडवे धुमारे फुटून प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप तयार होते. अनुकूल स्थितीत एक-दोन आठवड्यांत रोपांची संख्या दुप्पट होते. तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. पृष्ठभाग झाकला गेला की प्रकाश खाली जात नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटतो.

या वर्णनात जलपर्णी फोफावली असे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे आणि तरीही अपुरे आहे. ती फोफावते ती नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर, आणि हे दोन्ही तलावात येतात ते मुख्यतः आसपासच्या वस्त्यांच्या सांडपाण्यातून. सांडपाणी येत राहिले तर यंत्राने काढलेली जलपर्णी पुन्हा येते, हा दरवर्षीचा अनुभव आहे. जलपर्णी फोफावते हे खरे. तिला वाढवले जाते हेही तितकेच खरे, आणि उपाय सापडतो तो दुसऱ्या वाक्यात.

याच उपनगरांच्या कडेला पसरण्याची एक अगदी वेगळी तऱ्हा आहे. मुलुंड, भांडुप, कांजूर यांच्या पूर्वेला ठाणे खाडी आणि पश्चिमेला वर्सोवा, मालाड, गोराई यांच्या खाड्या. तिथली तिवरे आणि कांदळे खारट चिखलात बी टाकून वाट पाहत नाहीत. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. शेंगेसारखे लांब रोप फांदीला लोंबते आणि तयार झाल्यावर गळून चिखलात रुतते किंवा भरतीबरोबर तरंगत जाऊन दुसरीकडे रुजते. तिवराचे बीही झाडावरच रुजू लागते, फक्त ते सालीत झाकलेले असते. अशा जंगलाबद्दल कोणी माजले म्हणत नाही. ते हळूहळू चिखल धरून ठेवत पुढे सरकते, म्हणून त्याला सरकणे किंवा पसरणे हेच शोभते. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याआधी २०१२ साली राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला होता. कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या बोलण्यातले कांदळ सरकारी शब्दात आले ही समाधानाची गोष्ट.

प्रसार हा पसरण्याचा तत्सम भाऊ, पण त्याची चाल निराळी. प्रसार केला जातो. त्याला करणारा लागतो आणि बहुतेक वेळा चांगला हेतूही लागतो. एकोणिसाव्या शतकात हा शब्द शिक्षणाने आपलासा केला. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत मुंबईतून निघाले. नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा आणि मुलुंडच्या वेशीपलीकडे ठाण्यात उभे राहिलेले विद्या प्रसारक मंडळ १९३५ चे. या नावांत प्रसारक म्हणजे जे थोड्यांकडे आहे ते पुष्कळांकडे नेणारा. ज्ञान दिल्याने देणाऱ्याचे कमी होत नाही, म्हणून या शब्दात पसरण्याबरोबर वाढणेही आपोआप येते.

म्हणूनच अण्वस्त्रांच्या संदर्भात प्रसार हा शब्द आला तेव्हा त्याला बंदी जोडावी लागली. १९६८ साली स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि १९७० साली अमलात आलेला करार मराठी वृत्तपत्रांत अण्वस्त्र प्रसारबंदी करार या नावाने रुळला. भारताने त्यावर सही केली नाही. आशियातली पहिली अणुभट्टी अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला, म्हणजे याच उपनगर जिल्ह्यात, कार्यान्वित झाली होती. त्यामुळे हा शब्द येथल्या वाचकाला दूरदेशीचा नव्हता. या जोडशब्दात प्रसाराचे दोन अर्थ एकत्र आले आहेत. ज्यांच्याकडे अस्त्रे नाहीत त्या देशांकडे ती जाणे हा एक, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडची संख्या वाढणे हा दुसरा. कराराचा भर पहिल्यावर आहे, आणि भारताचा आक्षेप मुख्यतः या असमतोलावर होता. मराठीत पहिल्याला प्रसार आणि दुसऱ्याला वाढ असे वेगळे म्हटले असते तर वाचकाला वादाचे मर्म लवकर कळले असते.

रोगांच्या भाषेत शब्दांची विभागणी फार नेटकी आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. लागण व्यक्तीला होते. संसर्ग दोघांमध्ये होतो. साथ गावात येते. उद्रेक अचानक होतो. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणे, त्यामुळे पिकावरच्या किडीलाही तो चालतो. फैलाव नकाशावर दिसतो. मुंबईत हे शब्द पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कामाला आले ते १८९६ साली. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. याच कायद्याचा आधार मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्राने पुन्हा घेतला. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेगच्या भीतीने ज्यांना शक्य होते ती माणसे मोकळ्या हवेसाठी साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांच्या भागात, राहायला गेली. रोगाच्या फैलावातून शहराच्या पसरण्याला असा पहिला जोर मिळाला.

पुष्कळपणाच्या वाक्प्रचारांचा विचार इथेच करावा लागतो, कारण उपनगरांविषयीच्या बातम्या आणि भाषणे त्यांवरच चालतात. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. साठवलेले सगळे एकदम बाहेर यावे तसे जे अचानक आणि अमाप येते त्याला पेव फुटणे म्हणतात. खाजगी शिकवण्यांचे पेव फुटले, इमारतींचे पेव फुटले. ऊत येणे यात उकळण्याचा अर्थ आहे. जे वर आले ते आच कमी होताच खाली बसते, म्हणून हंगामी गोष्टींना तो बरोबर बसतो. सुळसुळाट उंदरांचा, चोरांचा, भामट्यांचा. त्यात लहान, चपळ आणि उपद्रवी असण्याचा अर्थ आहे. बोकाळणे केवळ वाईटाला. भ्रष्टाचार बोकाळतो, वाचन कधी बोकाळत नाही. लोंढा पाण्याचा, आणि वर्तमानपत्रांत माणसांचाही.

या सगळ्यांत लोण हा शब्द वेगळा आणि सुंदर आहे. तो मैदानावरून आला. आट्यापाट्यांच्या खेळात सगळ्या पाट्या ओलांडून परत येणाऱ्या गड्याच्या खेळीशी तो जोडलेला आहे आणि कबड्डीतही लोण चढवले जाते. एखाद्या गोष्टीचे लोण पोहोचले म्हणजे ती अडथळे ओलांडत, माणसाकडून माणसाकडे, टप्प्याटप्प्याने गेली. सार्वजनिक गणेशोत्सवाचे तसेच झाले. मुंबईत १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तो सुरू झाला. पुढे गिरगाव, परळ, लालबाग येथली कुटुंबे जागेअभावी अंधेरी, बोरिवली, मुलुंडला राहायला गेली आणि चाळीचे मंडळ, वर्गणी, आरतीच्या पाळ्या, नाटकाची हौस हे सगळे बरोबर घेऊन गेली. इथे लोण म्हणणे योग्य, कारण नेणारी माणसे दिसतात.

आता प्रत्यक्ष उपनगरांच्या विस्ताराकडे. तो शब्दशः रुळांवरून झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातून गेली. पश्चिमेचा मार्ग पुढच्या दशकात आला. पण गाडी असणे आणि रोज गाडीने कामाला जाता येणे यांत अंतर आहे. ते मिटले विजेने. ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली, आणि त्याच सुमारास मध्य मार्गाची वीज कल्याणपर्यंत पोहोचली. त्याआधी १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला होता. एप्रिल १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. फेब्रुवारी १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. या तारखांमध्ये एकही गोष्ट फोफावलेली नाही. प्रत्येकीमागे ठराव आहे, खर्च आहे, सही आहे.

वस्तीचेही तसेच. फाळणीनंतर मुलुंडला आणि चेंबूरला निर्वासितांच्या छावण्या वसवल्या गेल्या आणि त्यांच्या वसाहती झाल्या. घाटकोपरचे पंतनगर आणि विक्रोळीचे कन्नमवारनगर या सरकारी गृहनिर्माणाच्या वसाहती. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने अंधेरीच्या मरोळला उद्योगक्षेत्र उभारले. १९७३ साली तिथेच सीप्झ हे निर्यातीसाठीचे उद्योगक्षेत्र आले. १९८५ साली जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या प्रकल्पातून चारकोप आणि बोरिवलीच्या गोराई भागात आखलेले, पाणी-गटारांची सोय केलेले भूखंड कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना देण्यात आले. या सगळ्यांना वसवणे हे क्रियापद बिनदिक्कत लागू पडते.

मात्र याच कारखान्यांत काम करणारे, याच वसाहती बांधणारे गवंडी आणि बिगारी जिथे राहिले त्या झोपड्यांबद्दल भाषा बदलते. त्यांचे पेव फुटते, त्या फोफावतात, बोकाळतात. माणसांचे लोंढे येतात. एकाच काळात, एकाच टेकडीच्या दोन बाजूंना, एका वस्तीला प्रयोजक क्रियापद आणि दुसरीला तणाचे क्रियापद मिळते. हा भाषेचा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करण्यासारखा आहे. उद्योगाला जमीन दिली पण कामगाराच्या घराला दिली नाही, हाही एक निर्णयच होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे लोकांना परवडेनासे झाले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबे उत्तरेकडे सरकली. कारणे इतकी ठोस असताना झोपड्या बोकाळल्या म्हणणे म्हणजे कारणांवर पांघरूण घालणे. ‘झोपडपट्टी वाढली’ हे वाक्य साधे आणि प्रामाणिक आहे. ‘परवडणारे घर न मिळाल्याने लोकांनी झोपड्या बांधल्या’ हे त्याहून चांगले, कारण त्यात कर्ता माणूस आहे. १९७१ चा झोपडपट्टी सुधारणेचा कायदा आणि १९९५ ची पुनर्वसन योजना यांच्या नावांतले सुधारणा आणि पुनर्वसन हे शब्द तरी त्या माणसाला जागा देतात. पुनर्वसनात वसणे आहे.

संख्या पाहिल्या तर पसरणे आणि वाढणे यांतला फरक पुन्हा दिसतो. १९५१ साली उपनगरांत सुमारे साडेसहा लाख माणसे होती. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ झाली. २००१ साली ती ८६,४०,४१९ होती. त्याच दहा वर्षांत बेटावरच्या शहराची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली. शहर वाढायचे थांबले, उपनगर वाढत राहिले. चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरांत राहतात, आणि तरी शब्द उपनगर हाच आहे. जिल्ह्याला पसरायला जागा मात्र उरलेली नाही. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाणे खाडी, मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, उत्तरेला ठाण्याची हद्द.

जागा संपल्यावर वाढ वर गेली, आणि तिच्यासाठी नवे शब्द आले. चटईक्षेत्र निर्देशांक हा त्यांतला प्रमुख. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते तो सांगतो. इंग्रजी संज्ञेतल्या फरशीच्या जागी मराठीने चटई घेतली, म्हणजे माणूस बसतो-निजतो ती जागा मोजली, आणि तांत्रिक परिभाषेत असा घरचा शब्द क्वचितच सापडतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हा निर्देशांक बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ होता. त्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, पद्धत आणली. रस्त्यासाठी किंवा झोपडीवासीयांच्या घरांसाठी जमीन देणाऱ्याला बांधकामाचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने मिळे आणि तो दुसऱ्या भूखंडावर वापरता येई. बेटावरच्या शहरात वापरायला मनाई होती, उत्तरेला उपनगरांत मुभा होती. दक्षिणेत निर्माण झालेला हक्क अशा रीतीने अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या इमारतींवर मजल्यांच्या रूपाने चढला. एक हक्क सुटा होऊन, विकला जाऊन, दुसरीकडे बांधकाम होऊन उगवतो, या घटनेला पसरणे म्हणता येत नाही आणि फोफावणे तर मुळीच नाही. सोसायट्यांच्या सभांमध्ये लोक ‘टीडीआर चढवला’, ‘मजले चढवले’ असे म्हणतात. चढवणे हे प्रयोजक क्रियापद आहे. मजला कोणी तरी चढवतो, हे त्या बोलण्यात स्पष्ट राहते. ‘टॉवरचे पेव फुटले’ या बातमीतल्या वाक्यापेक्षा हे बोलणे अधिक अचूक आहे.

आडव्या विस्ताराची गोष्ट हद्दीपलीकडे चालू राहिली. १९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, कारण वसई-विरार, ठाणे, कल्याण-डोंबिवली यांचा विस्तार आता महापालिकेच्या नकाशात मावणारा नव्हता. हद्दीच्या आत, दोन रेल्वेमार्गांलगत दक्षिणोत्तर लांबलेल्या उपनगरांना पूर्व-पश्चिम जोडणारी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तेव्हापासून स्थानकांच्या आसपास वाढलेल्या बांधकामांचे वर्णन मराठी कागदपत्रांत आणि बातम्यांत विकास, पुनर्विकास, विस्तार, गर्दी अशा शब्दांनी होते. यांतला पुनर्विकास हा शब्द रहिवासी, बिल्डर आणि पालिका हे तिघेही सारख्याच सहजतेने वापरतात. त्याला करणे हे क्रियापद लागते, आणि पुनर्विकास कोण करतो, कोणाच्या संमतीने करतो हे प्रत्येक करारपत्रात नावानिशी लिहिलेले असते.